सलीमचाचांचं पांढरं फडकं

त्या वर्षी आमची होडी वाळूवरच होती. इंजिन जाम होऊन बसलं, बाबांनी स्वतः उघडून जोडलं, आणि महिन्याभरात ते पुन्हा बसलं. बाबा दुसऱ्यांच्या रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे दोर ओढायला जात. दहावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिलीच, पण कॉलेजचं दुसरं वर्ष सोडायच्या बेतात होते... तेव्हा सलीमचाचा आले. मालवणच्या बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे हे चाचा मागच्या महिन्यात वारले. बाबांनी फोनवर तेवढंच सांगितलं.

चाचांनी इंजिन खोललं, तळातली तेलाची जाळी काढली आणि हसायलाच लागले. जाळीत पेस्टच्या लाल गुठळ्या! तेल गळू नये म्हणून बाबांनी जोडावर पेस्ट थापली होती. जादाची आत सुटून तेलाची वाटच बुजली होती.

"इंजिनाक पेस्ट लावलंस काय भाकरेक लोणी, रे?"

"गळाक नको म्हणान..." बाबा पुटपुटले.

"गळाचा नाय, खरा. पण आत तेल खंयसून जातला?"

दोन दिवस नुसती सफाई चालली. बाबांनी जोडाच्या मध्ये बसणारं जुनं गॅस्केट खरवडायला स्क्रू-ड्रायव्हर उचलला, तर चाचांनी तो काढून घेतला. लोखंडाचा ओरखडा पडला की तिथूनच गळती, म्हणून बांबूची कामटी. थिनरने पुसायचं काम माझं. माझं झालं की चाचा खिशातून चाचींच्या जुन्या ओढणीचं पांढरं फडकं काढून त्यावरून फिरवत. डाग दिसला की पुन्हा पूस. तिसऱ्यांदा मी चिडले. "चाचा, साफ तर दिसतंय!"

"तुका दिसता गो. फडक्याक विचार."

चौथ्यांदा फडकं कोरं निघालं. मग पेस्टची सुतासारखी बारीक रेघ, नवं गॅस्केट, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळणं. बाबांना लगेच चालू करायचं होतं. चाचांनी हातच लावू दिला नाही. पेस्ट सुकायला हवी, उद्या बघू. निघताना मला म्हणाले, "जा आता कॉलेजात. चार वेळा पुसलंस, मधीच सोडणारी तू न्हय."

परवा घरी गेले तर बाबा हंगामाआधी सफाईला खोललेलं इंजिन पुन्हा जोडत होते. हत्यारांच्या पेटीत तेच फडकं, चाचींनी धुऊन पाठवलेलं. बाबांनी पुसलं, फडकं फिरवलं, डाग बघितला, आणि पुन्हा थिनर घेतलं.

ते इंजिन चाचांनी जोडल्यापासून एकदाही बसलेलं नाही. आणि मी बी.एस्सी. झाले.