चार ओव्यांतले फेरे

कल्याणच्या आमच्या घराच्या पडवीत मी पायानं चालवायचा लेथ मांडला होता. रेल्वेच्या शेडमध्ये नोकरी होतीच, पण तिथं यंत्र साहेबाचं आणि कामही साहेबाचं. आपलं स्वतःचं काहीतरी असावं या हट्टापायी मोडीतले भाग गोळा करून मी हा उभा केला. तांबटांकडून समईचे ओतीव दांडे यायचे, ते मी कातून गुळगुळीत करून द्यायचो.

पितळ कातायचं तर वेग नेमका लागतो. कमी पडला तर दांडा खरबरीत निघतो, जास्त झाला तर हत्यार तापतं आणि धार जाते. काम जिच्यावर चढवायचं ती वरची दांडी इतकी भरभर फिरते की तिचे फेरे डोळ्यांनी मोजणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. म्हणून मी खालच्या मोठ्या चाकावर चुन्याचा ठिपका लावला. ते एकदा फिरलं की दांडी सात वेळा फिरते, हे हातानं सावकाश फिरवून पाहिलं होतं. ठिपका वर आला की एक फेरा. पण किती वेळात किती फेरे, हे कळायला घड्याळ हवं, आणि ते आमच्यासारख्याकडे कुठलं?

घड्याळ घरातच होतं. कुडापलीकडे माझी बायको पहाटे तांदूळ दळायची आणि दळताना चार ओव्या म्हणायची. मोहने गावी माहेरी आईकडून शिकलेल्या, रोज त्याच, त्याच क्रमानं, जात्याच्या फेऱ्याला बांधलेल्या. शेजारच्या गार्डाचं खिशातलं घड्याळ एकदा मागून आणून मी पडताळा घेतला. चार ओव्या म्हणजे पुरती दोन मिनिटं. तेवढ्यात चाकाचे नव्वद फेरे झाले की पितळ झकास उतरायचं. मी कोळशानं भिंतीवर नव्वद लिहिलं. पुढं रोज सकाळी फेरे मोजायचे आणि तिथी घालून आकडा खाली लिहायचा, हा नेमच होऊन बसला.

ती चिडवायची, "अहो, तुमचं यंत्र माझ्या जात्यावर चालतं. मी बंद पडले तर काय कराल?"

"तुला तेल घालीन," मी म्हणायचो. ती हसायची.

होळीच्या सुमारास आकडा पंचाण्णव झाला. त्याच आठवड्यात मी नवा पट्टा चढवून एरंडेल घातलं होतं, त्यामुळं मला वाटलं यंत्र हलकं झालं. मग एकशे एक. मग एकशे सहा. मी शेडमध्ये चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगितलं, की विलायती तेल कशाला, आपलं एरंडेल बघा.

पण पितळाला नव्वदच हवेत. म्हणून मी पाय आवरता घेऊ लागलो, तर दांडे खरबरीत निघायला लागले. तांबटानं दोन परत पाठवले. माझा स्वभाव आधीच तापट. पट्ट्याला शिव्या दिल्या, हत्याराला दिल्या, आणि एका सकाळी तिला ओव्यांच्या मधेच खोकला आला तेव्हा कुडावर हात आपटून ओरडलो, "मधे खोकू नकोस, मोजणी मोडते." त्या दिवसानंतर ती खोकल्याचं मी ऐकलं नाही.

वैशाखात पुन्हा गार्डाचं घड्याळ आणलं. म्हटलं, यंत्राचं काय बिनसलंय ते एकदाचं बघूच. दोन मिनिटांत नव्वद फेरे होतील असा पाय मारला आणि दांडा आरशासारखा निघाला. यंत्राचं काहीच बिनसलं नव्हतं. दोन मिनिटं संपली तेव्हा ती मात्र तिसरीच ओवी म्हणत होती.

मी घड्याळ हातात घेऊन आत गेलो. तिनं जात्याच्या खुंट्यावरच्या मुठीवर कपाळ टेकलं होतं आणि खोकला बाहेर फुटू नये म्हणून तोंडात पदर कोंबला होता. गळ्याची हाडं दिसत होती. ती मला रोज जेवायला वाढत होती, तरी ती हाडं मला तेव्हा पहिल्यांदा दिसली. मला पाहून तिनं पदर काढला.

"मोडली का मोजणी?" ती म्हणाली. "थांबा, पहिल्यापासून म्हणते."

वैद्यबुवांनी नाडी धरली आणि विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, झाले असतील आठ-दहा दिवस. मी त्यांना पडवीत नेलं आणि भिंत दाखवली. पंचाण्णव, एकशे एक, एकशे सहा, प्रत्येक आकड्यापुढं तिथी. त्यांना आधी काही उमगेना. मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी पंचाण्णवच्या पुढच्या तिथीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, होळीलाच सांगितलं असतंत तर काही करता आलं असतं.

गौरी यायच्या आत ती गेली. ती भिंत मी कुणाला सारवू दिलेली नाही. रोज मोजलं, रोज लिहिलं, आणि एकदाही उठून आत गेलो नाही.