लिफ्टमधला डिंकाचा चौकोन

मुलांनो, आमच्या लिफ्टमध्ये आरशाशेजारी डिंकाचा एक फिकट चौकोन उरला आहे. दार उघडलं की सकाळचं ऊन त्यावर पाण्यासारखं हलतं, आणि मी बघत राहते. तिथे सूचना होती: 'घरकामाच्या बायकांनी जिना वापरावा.' सोसायटीची सेक्रेटरी असताना मीच ती पट्टीने ओळी आखून, वळणदार अक्षरात लिहिली होती. गेल्या महिन्यात बैठकीत ठराव झाला आणि मीच ती नखाने खरवडून काढली.

तरी आमच्याकडे कामाला येणारी शांता आज गुडघ्यावर हात ठेवत जिन्यानेच निघाली. पाच मजले.

"अगं, ये ना आत," मी लिफ्टचं दार धरून म्हटलं. "आता कोण अडवतंय?"

"पायांना अजून कळलं नाही, आजी," ती हसली. "पण अक्षर लई देखणं होतं हं तुमचं!"

ठराव एका संध्याकाळी होतो. माणसाच्या अंगात उतरायला त्याला कितीतरी सकाळी लागतात, आणि तेवढ्या सकाळी कोणाला तरी दार धरून उभं राहावं लागतं.

वरून कोणीतरी "लिफ्ट!" म्हणून ओरडलं. मी दार सोडलं नाही. शांता तिसऱ्या पायरीवरून मागे वळली.