सलीमची जागा

हे मी आजवर कोणाला बोललेलो नाही. आईला नाही, बायकोला नाही. सलीमला तर नाहीच — खरं म्हणजे ऐकण्याचा पहिला हक्क त्याचा. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय. हाही भित्रेपणाच, म्हणा.

सलीम आणि मी धामणगाव बढ्याचे. मोताळ्याच्या कॉलेजात तीन वर्षं एकाच बाकावर बसलो. त्याचे वडील, रहीमचाचा, बसस्टँडजवळच्या टपरीत फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. चाचांची एक रीत होती — दुरुस्त झालेल्या पंपात पाणी भरून ते आधी स्वतःच्या पाठीवर घेत, पलीकडच्या कडुनिंबापर्यंत चालून येत, मगच तो शेतकऱ्याच्या हाती देत. पट्टा रुततो का, पाठीवर गळतं का, हे चालल्याशिवाय कळत नाही म्हणायचे. आसपासच्या गावांत त्यांना न ओळखणारा शेतकरी नव्हता. हे लक्षात असू द्या.

बी.कॉम. झालो त्या वर्षी एका पंपाच्या कंपनीला आमच्या तालुक्यासाठी सेल्समन हवा होता. जागा एकच. ही बातमी मला कोणी दिली? सलीमनंच. दुसरा कोणी गुपचूप एकटा जाऊन आला असता. यानं माझाही अर्ज स्वतःच्या हातानं नेऊन दिला. मी तोवर पंपाला हातसुद्धा लावलेला नव्हता, शेतकऱ्याचा मुलगा असून. तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्यानं मला टपरीवर बोलावून पंप पाठीवर चढवला.

"पहिले पाठीवर घे, मंग बोल. कास्तकार तुह्या तोंडाकडे नाही पाहत बे, खांद्याकडे पाह्यते."

मुलाखत मलकापूरला, स्टेशनजवळच्या एका लॉजच्या खोलीत होती. पुण्याहून आलेले साहेब, टेबलावर बॅटरीचा पंप, आणि सगळ्यांना एकच काम — हा मला विकून दाखवा. सलीम माझ्या आधी गेला. उकाड्यामुळं दार उघडंच होतं. त्यानं पंप पाठीवर घेतला, खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि साहेबांशी सरळ 'काका' म्हणून बोलू लागला. साहेब हसले. एकदा तर त्यांनीच पंप पाठीवर घेऊन पाहिला. बाहेरच्या बाकावर बसून मला कळून चुकलं की जागा त्याची झाली.

मग मी गेलो. मीही पंप पाठीवर घेतला. वाक्यं सगळी त्याचीच, फक्त 'मले-तुले' काढून टाकलेली. पण एवढीच चोरी असती तर मी इतके आढेवेढे घेतले असते का?

पंप खाली ठेवला तेव्हा साहेबांनी आवाज बारीक केला. मघाचा मुलगा तुमच्याच गावचा ना, म्हणाले. मुलगा चांगला आहे, पण या कामात लोकांच्या घरी जाऊन बसावं लागतं, चहापाणी होतं. नाव सलीम. तुमच्याकडे चालेल ना?

काय सांगायचं होतं मला? जे होतं तेच. की पोळ्याला आमच्या बैलांच्या शिंगांना रंग तोच लावायचा. की तो आमच्या चुलीजवळ बसून जेवायचा, आणि मी त्याच्या घरी. रहीमचाचांचा मुलगा म्हटल्यावर कुठल्याही ओट्यावर त्याला बसायला सांगतील — एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी पंपाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिलो. मग म्हणालो,

"सगळीकडे चालेल असं सांगता येत नाही, सर."

बस. एवढंच. घाईत तोंडून निसटलं असं म्हणायचीही सोय नाही. मी विचार करून म्हणालो, आणि ते खोटं आहे हे मला म्हणतानाच माहीत होतं. साहेबांनी मान हलवून कागदावर काहीतरी लिहिलं.

आठ दिवसांनी मला फोन आला. माझ्या नोकरीचे पेढे सलीम घेऊन आला. आणि पहिल्याच फेरीत काय व्हावं? एका म्हाताऱ्या काकांनी मला ओट्यावर बसवलं, निरखून पाहिलं आणि विचारलं, "रहीमभाईच्या सलीमचा दोस्त होय नं तू? मंग ठेव एक पंप." माझा पहिला पंप असा विकला गेला.

याला बारा वर्षं झाली. मी त्याच कंपनीत आहे, बरा चढलोय. चाचा गेले, टपरी सलीम चालवतो. मी विकलेले पंप त्याच्याकडे दुरुस्तीला येतात, आणि तो एकेक पाठीवर घेऊन कडुनिंबापर्यंत चालून येतो. नोकरी हुकल्याचं कारण त्यानं आपल्यापुरतं शोधून ठेवलंय — आपण साहेबासमोर गावठी बोललो, हे. 'तसं नव्हतं' असं मी एकदाही म्हटलेलं नाही. उलट एकदोनदा मान हलवली आहे.

मागच्या महिन्यात टपरीवर गेलो होतो. त्याची सहा वर्षांची मुलगी धावत आली. "काका, मले बी बसवा गाडीवर."

"मले नाही, मला म्हण," सलीम म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हसला. "इची नौकरी बोलीपायी नाही जाऊ द्याची बे."

मी तिला मोटारसायकलवर पुढं बसवलं. कडुनिंबापर्यंत जाऊन येईस्तोवर ती हळूहळू घोकत होती — मला, मला, मला.