विनापरवानगी गैरहजर

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या संपादकांचा फोन आला तेव्हा बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांना दोन्ही डोळ्यांनी फक्त कडेकडेचं दिसत होतं. समोर बसलेलं माणूस दिसायचं नाही, त्याच्या मागचं दार दिसायचं. संपादक म्हणाले, "बाबांची ती अमेरिकेच्या प्रेसिडेंटची पत्रं आहेत ना, ती द्या. बारा पानं ठेवलीत. फोटोसकट." मी फोन ठेवला. बाबांनी तीनदा विचारलं, "बाराच म्हणाले ना? नक्की बारा?"

त्यांच्या आयुष्यात त्यांचं म्हणून काही छापलं गेलेलं नव्हतं. आता ते व्हावं आणि आपण असेपर्यंत व्हावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. मला ती माहीत होती, म्हणून मी लगेच कामाला लागले. चूक तिथेच झाली.

ही पत्रं म्हणजे काय, ते सांगते. बाबा भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात भांडार विभागात होते. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या वाचनालयात जाडजूड इंग्रजी खंडांची एक रांग होती: अमेरिकेच्या एका सुरुवातीच्या राष्ट्राध्यक्षाचा पत्रव्यवहार. लढाया आणि राज्यघटना त्यात होत्याच, पण बाबांना आवडली ती रोजची पत्रं. हा माणूस राजधानीत बसून देश चालवायचा आणि दर आठवड्याला आपल्या घरच्या शेतावरच्या व्यवस्थापकाला लांबलचक पत्र लिहायचा. कुठल्या तुकड्यात कुठलं गवत पेरायचं, धुराड्याची वीट का निसटली, सुतार एका दारावर इतके दिवस काय करतोय, बटाट्याचं बियाणं ओलं कसं झालं. व्यवस्थापकाने दर आठवड्याला अहवाल पाठवायचा आणि त्यात एखादी गोष्ट राहिली की पुढच्या पत्रात तिची विचारणा ठरलेली. बाबा म्हणायचे, "हा माणूस आपल्या स्टोअर्समध्ये पाहिजे होता."

मी सहावीत असल्यापासून बारावी होईपर्यंत, दर रविवारी जेवणं झाली की बाबा एक पत्र घेऊन बसायचे. मराठीत सांगायचे आणि मी लिहायचे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. लिहायचं ते रद्द झालेल्या बिन कार्डांच्या पाठीवर. बिन कार्ड म्हणजे भांडारात प्रत्येक मांडणीला लटकवलेला पुठ्ठा. माल किती आला, किती गेला, ते त्यावर लिहितात. एका बाजूला नटबोल्ट, दुसऱ्या बाजूला राष्ट्राध्यक्ष. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बाबा मंडळात दोन-तीन कार्डं वाचून दाखवायचे. लोक हसायचे, माना डोलवायचे. एकदा बाबांचे वरिष्ठ म्हणाले होते, "बघा, दोनशे वर्षांपूर्वी काय मॅनेजमेंट होतं."

आणि मला ती आमच्यासारखीच एक टाउनशिप वाटायची. का वाटू नये? बाबांच्या मराठीत तिथे फोरमन होते, कामगार होते, आजारी रजा होती, कपड्यांचं वाटप होतं. आम्हाला हिवाळ्यात कारखान्याकडून जर्सी यायची, त्यांना घोंगड्या यायच्या. तिकडे भोंगा किती वाजता होतो, असं मी एकदा विचारलंही होतं. बाबा म्हणाले, "सूर्य उगवला की." मला ते फार आवडलं होतं.

तर मी कार्डं काढली. एकशे चाळीस निघाली, त्यातली वीस निवडली, टाइप केली आणि मुदतीच्या आठ दिवस आधी संपादकांना पाठवून दिली. मी कामं आधी करते. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं मी एक कागद उशिरा जाऊ दिला नाही. तपासणी मात्र पाठवल्यानंतर ठेवली, कारण तपासायचं काय होतं? बाबांचं काम होतं.

तरी सवयीने मी वाचनालयात गेले. खंड तिथेच होते, वरच्या फळीवर. तिथला माणूस शिडी धरून म्हणाला, "मैडम, आपके पिताजी के बाद इन्हें किसी ने हाथ नहीं लगाया." मी म्हटलं, चला, निदान पानं तरी फाटलेली नसतील. दर चौथं पत्र मुळाशी ताडून पाहायचं ठरवून टेबलाशी बसले.

चौथं कार्ड: 'एक कामगार विनापरवानगी गैरहजर आहे. चौकशी करून अहवाल पाठवावा.' एवढंच. मूळ इंग्रजीत तो भाग पाऊण पानाचा होता. त्या माणसाला नाव होतं. तो पळून गेला होता. राष्ट्राध्यक्षाने लिहिलं होतं की शोध गुपचूप घ्या, वर्तमानपत्रात माझं नाव येऊ देऊ नका, आणि सापडला तर त्याला जहाजात घालून दूरच्या बेटावर विकून टाका, म्हणजे बाकीच्यांना कळेल. पुढचंच वाक्य गवताच्या बियाण्याबद्दल होतं. त्याच शाईत, त्याच सुरात.

मग मी दर चौथं सोडून दिलं आणि वीसही तपासली. अकरा पत्रांत असंच निघालं. 'महिला कामगार प्रसूतीनंतर आजारी रजेवर' असं आमच्या कार्डावर होतं. मुळात ती ढोंग करते आहे, तिला पुन्हा शेतावर लावा, असा हुकूम होता. 'एका कामगाराची बदली' म्हणजे एका मुलीला आईपासून काढून दुसऱ्या शेतावर पाठवणं. बदली. आमच्या कॉलनीत बदली झाली की सामानाचा ट्रक यायचा, शेजारी डबा द्यायचे.

घरी येईपर्यंत माझे कान तापले होते. राग आधी स्वतःचा आला. बारावीपर्यंत ही कार्डं मी माझ्या हाताने लिहिली होती. त्याच वर्षांत इतिहासाच्या पेपरात अमेरिकेतल्या गुलामगिरीवर टीप लिहून मी पैकीच्या पैकी गुण घेतले होते. ती कार्डं आणि इतिहासाची वही एकाच टेबलावर, आणि एकदाही मनात आलं नाही की हे तेच लोक.

बाबा व्हरांड्यात बसले होते. आमचं घर अवधपुरीत, निवृत्तीनंतर घेतलेलं. संध्याकाळी ते रस्त्याकडे तोंड करून बसतात.

"बाबा, तो माणूस गैरहजर नव्हता. पळाला होता."

"कोण?"

मी नाव सांगितलं. बाबांनी आठवायला क्षणही घेतला नाही, म्हणजे नाव त्यांच्या लक्षात होतं.

"तेच ते," ते म्हणाले. "कामावर नाही म्हणजे गैरहजर."

"तेच ते नाही. गैरहजर माणसाला मेमो देतात. विकत नाहीत."

"तू मला शिकवू नकोस. मला कळत नव्हतं असं वाटतं का तुला?"

"मग का नाही लिहिलंत?"

"अगं, शनिवारी लोक यायचे. बायका-मुलं घेऊन. चहा व्हायचा. तिथे मी हे वाचू? लोकांनी घेण्यासारखं जे होतं ते मी घेतलं."

"आणि मला का नाही सांगितलंत? मी तर घरातलीच होते."

यावर ते म्हणाले, "तू लहान होतीस." मग थोड्या वेळाने, "आणि तू विचारलं नाहीस."

हे मला झोंबलं, कारण खरं होतं. पण मीही गप्प बसले नाही. मी म्हटलं, तुमच्या भांडाराच्या गेटवर ठेकेदाराची माणसं सकाळपासून उन्हात बसायची, माल उतरवायला. त्यांना कँटीन नव्हतं, जर्सी नव्हती. त्यांना तुम्ही एकदाही कामगार म्हणाला नाहीत. लेबर म्हणायचात. आज आठ लेबर पाहिजे, आज सहा. जे खरोखर कामगार होते त्यांना तो शब्द दिला नाहीत, आणि ज्यांना साखळदंड होते त्यांना देऊन टाकलात.

बाबा उठले आणि भिंतीला हात लावत आत गेले. रात्री जेवताना वाढलं तेवढं खाल्लं, काही मागितलं नाही.

पुढचे पाच दिवस मी अकरा पत्रं नव्याने केली. मुळात जे होतं ते, जेवढं होतं तेवढं, नावांसकट. बियाणंही ठेवलं, धुराडंही ठेवलं. बाबांना वाचून दाखवते म्हटलं तर म्हणाले, "तुझं तू कर." मी केलं. संपादकांना फोन करून सांगितलं की आधीची फाइल रद्द करा, नवीन पाठवते आहे.

दोन दिवसांनी ते स्वतः आले, कोलार रोडवरून स्कूटरवर. मोठ्या पदावरून निवृत्त झालेले गृहस्थ. टाउनशिपमध्ये ते बंगल्यात राहायचे आणि आम्ही दोन खोल्यांत, हे ते अजून विसरलेले नाहीत आणि मीही नाही.

"ताई, मॅटर वाचलं. मेहनत दिसते. पण बघा, आपलं फंक्शन आहे. पन्नास वर्षं झाली मंडळाला. यात गुलामी कुठून आणली?"

"मी नाही आणली. त्यांनी पाळली होती."

"हो, पण पॉझिटिव्ह ठेवा ना जरा. ते बियाण्याचं किती छान आहे. मुलांना प्रेरणा मिळते."

"कशाची? गवत कुठे पेरायचं त्याची?"

"तुम्ही पूर्वीपासून जरा कडकच," ते हसून म्हणाले. "शाळेत पोरं तुम्हाला काय म्हणायची, सांगू का?"

"मला माहीत आहे काय म्हणायची. छापायचं तर नवीन छापा. नाहीतर एकही पत्र छापू नका. बारा पानं दुसऱ्या कोणाला द्या."

बाबा बाजूच्याच खुर्चीत बसले होते. त्यांच्याकडे पाहून संपादक म्हणाले, "काका, तुमचं काय मत?" बाबा म्हणाले, "ती बघते आता सगळं." मला वाटलं, मिटलं. मी चहा टाकायला आत गेले. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा दोघं आंब्याबद्दल बोलत होते.

महिन्याभराने स्मरणिका आली. लेखकाच्या म्हणून पाच प्रती, पिवळ्या कागदात बांधलेल्या. पान उघडून उभ्याउभ्या पाहिलं. वीस पत्रं होती. जुनी वीस. एक कामगार विनापरवानगी गैरहजर. एका कामगाराची बदली. वर बाबांचा हसरा फोटो आणि शीर्षक 'आदर्श व्यवस्थापनाचे धडे'. हे शीर्षक आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं.

संपादकांना फोन लावला. ते अगदी शांतपणे म्हणाले, "ताई, काकांनीच सांगितलं. तुम्ही चहाला गेल्यावर. म्हणाले, पहिली फाइल आहे ना तुमच्याकडे, तीच घ्या."

पहिली फाइल त्यांच्याकडे होती, कारण मी ती आठ दिवस आधी पाठवली होती.

मी फोन ठेवून बाबांकडे गेले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. आवाज शेजारपर्यंत गेला, कारण शेजारच्या वहिनी कुंपणापर्यंत येऊन परत गेल्या. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आलंय ना? मला वाचून दाखव."

"मी नाही वाचणार."

"मला दिसत नाही. तू नाही वाचलंस तर मला कळणार कसं काय छापलंय?"

"तुम्हाला पाठ आहे."

"छापलेलं वाच," ते म्हणाले. हात पुढे केला आणि प्रत माझ्या हातात नसून टेबलावर आहे हे न कळल्याने तो तसाच हवेत राहिला.

मी बसले आणि वाचायला लागले, सपाट आवाजात, हजेरी घेतात तशी. पहिलं पत्र धुराड्याचं. दुसरं बटाट्याचं. बाबा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते, ओठ हलत होते. मी चौथ्यावर आले. 'एक कामगार' इथवर वाचलं आणि थांबले.

"का थांबलीस?"

"इथे चूक आहे."

"छापखान्याची?"

"तुमची."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग बाबा म्हणाले, "काय पाहिजे तिथे?"

मी नवीन पत्रातलं ते पाऊण पान वाचून दाखवलं. नाव, जहाज, बेट, वर्तमानपत्र. पहिल्यांदाच त्यांच्यासमोर मोठ्याने वाचत होते. सबंध ऐकल्यावर ते म्हणाले, "व्हाइटनर लावू नकोस. भांडारात खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं. बाजूला लिहिणाऱ्याची सही."

"सही कोणाची?"

"नोंद माझी आहे ना? माझी."

त्या पाऊण पानाला तिथे जागा नव्हती. मी रेघ मारली, वर त्या माणसाचं नाव लिहिलं, 'पळाला' एवढं लिहिलं, बाकीचं वेगळ्या कागदावर लिहून त्या पानाला चिकटवलं. बाबांचं मनगट धरून पेनाचं टोक समासात टेकवलं. सही वाकडी आली, ओळीवर चढली. अकरा पत्रं, पाच प्रती. दुपारची संध्याकाळ झाली. मध्ये एकदा त्यांचा हात दुखला तेव्हा मी थांबू का विचारलं नाही, आणि त्यांनीही थांब म्हटलं नाही.

शेवटची सही झाल्यावर त्यांनी विचारलं, "एकूण किती छापल्यात?"

"पाचशे."

"मग?"

"मग काय? तुम्ही फोटोसकट वाटल्यात त्या लोकांना."

मी त्यांना धीर दिला नाही. दुसऱ्या दिवशी सोनागिरीच्या दुकानातून अकरा दुरुस्त्यांचं शुद्धिपत्र छापून आणलं, खाली बाबांचं नाव घातलं, आणि मंडळाला पत्र लिहून सभासदांची पत्त्यांसह यादी मागितली. पोच घेतली आहे. उत्तर आलेलं नाही. यादी मिळाली नाही तर मला तोंडपाठ आहेत त्या घरांपासून सुरुवात करणार आहे. पहिलं घर संपादकांचं.