दोन रिंगा

झुंबरआक्का गेल्याचं मला पाच दिवसांनी कळलं. त्या गेल्या त्याच दिवशी बेल्ह्याच्या स्टँडवरच्या रुपयाच्या फोनचा नंबर मोबाइलवर दोन रिंगा वाजून बंद झाला होता. तो मी ओळखला, आणि नेहमीसारखा मोबाइल पालथा ठेवला. पाचव्या दिवशी तोच नंबर वाजतच राहिला, तेव्हा वैतागून उचलला. आक्कांची सून मंदा होती.

आणे पठारावरच्या त्या वस्तीपर्यंत तार ओढणं कुणाला परवडत नव्हतं, आणि मोबाइलला तिथे रेंज नव्हती. म्हणून आमच्या छोट्या संस्थेने आक्कांच्या ओसरीत सौर पॅनेलवर आणि बॅटरीवर चालणारा स्वस्तातला बिनतारी फोन बसवला. सगळ्या वस्तीला तेवढाच. ‘हॅलो’ काही आक्कांना जमलं नाही. फोन उचलला की त्या ‘जाऊ नका, आनते’ म्हणायच्या आणि पिठाच्या हातांनी ज्याचा फोन त्याला हाका मारत बांधावरून निघायच्या. रविवारी मात्र त्या जागच्या हलत नसत. सुरतेला दिलेल्या लेकीचा फोन यायचा.

फोन बिघडला तर काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत शक्कल सांगितली. बाजाराला गेलात की बेल्ह्याहून दोन रिंगा द्या अन् ठेवून द्या. मी उचलणार नाही, तुमचा रुपया वाचेल. उचलला नाही म्हणजे मला कळलं, मी येतोच. त्यांनी ते माझ्याकडून भिंतीवर खडूने लिहून घेतलं, ‘दोन रिंगा – येतो’.

दोनदा गेलोही. मग प्रकल्प संपला. अहवालाच्या मुखपृष्ठावर फोन कानाला लावलेल्या आक्का छापल्या, लोकांनी माझी पाठ थोपटली. पुढे बॅटरी बसली असावी, कारण दर बाजारी दोन रिंगा येऊ लागल्या. आता येणं जमणार नाही, हे सांगायचं राहून गेलं... राहून कसलं, मी तोंड चुकवत होतो. कंटाळतील आपोआप, असं वाटायचं. त्या वर्षभर कंटाळल्या नाहीत.

दहाव्यानंतर गेलो, नवी बॅटरी घेऊन. आता घेऊन! फोनवर खणाचं झाकण होतं, धुळीचा कण नव्हता. मंदाने चहा ठेवला. लेकीचा आवाज ऐकायचं राहिलं आत्याबाईंचं, म्हणाली. मी विचारलं, माझ्यावर रागावल्या असतील ना?

“राग कशाचा? आमी म्हनायचो, त्ये काय येत नाय आता. तर म्हनायच्या, भाऊ उचलत नाय म्हंजे त्यांला कळलंय. येत्याल.”

माझी लाज वाटली, आजही वाटते. बॅटरी जोडली, फोनमध्ये सूर आला. काम पंधरा मिनिटांचं होतं.

निघताना मंदाला म्हणालो, यापुढे पूर्ण वाजू दे, मी उचलेन. तिने ऐकून घेतलं. मी भिंतीवरची ओळ पुसायला हात उचलला, तर तिने अडवलं.

“ऱ्हाऊ द्या. आत्याबाईंनी लिव्हून घेतलंय.”