डाव्या हातानं जेवणारं गाव

"उद्या उद्घाटन, अन् तुमचं लेबल अजून कोरंच. काहून अडून राहिले?" आमचे संचालक मेश्राम साहेब दारातूनच विचारत होते.

मी जबलपूरच्या एका संग्रहालयात जुनी चित्रं सांभाळायचो. अडलं होतं ते एका एचिंगपाशी. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं चित्र ओरखडायचं, अ‍ॅसिडनं रेघा खोल करायच्या आणि शाई भरून कागदावर छापायचं. कुण्या गोऱ्या साहेबानं काढलेलं नर्मदेकाठचं गाव. खाली गावाचं नाव नाही.

त्याच सकाळी आमच्या चौकीदाराचे सासरे पंचमलालजी जावयाला भेटायला आले आणि चित्रासमोर थबकले. त्यांचं महुआखेडा गाव नर्मदेवरच्या बरगी धरणात बुडालेलं.

"साहब, ये हमारा गाँव है. हमारे पास तो एक फोटो तक नहीं. नाम लिख दीजिए." मग स्वतःच घुटमळले. "पर मढ़िया इधर कैसे आ गई? वो तो पहाड़ी के बाएँ थी."

चित्रात ते छोटं देऊळ टेकडीच्या उजवीकडे होतं. मी तज्ज्ञाच्या थाटात म्हणालो, "बाबूजी, पहाड़ियाँ सब जगह एक जैसी होती हैं." ते बाकावर जाऊन बसले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

लेबलमध्ये गावच्या जगण्याबद्दल दोन ओळी हव्या होत्या, म्हणून मी भिंग घेतलं. झाडाखाली कापणीवाले जेवत होते. पहिल्याचा घास डाव्या हातात. असेल डावखुरा. दुसऱ्याचाही डाव्यातच. पाचही जणांचा डाव्यातच. लेकराला भरवणारी बाईसुद्धा डाव्या हातानं भरवत होती. आपल्याकडे असं कुणी जेवलं तर आई पाठीत धपाटा घालते. अख्खं गाव कसं जेवेल?

मग डोक्यात उजेड पडला. पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. म्हणून जाणते चित्रकार पत्र्यावरच उलटं काढतात. या गोऱ्या साहेबानं दिसलं तसं सरळ ओरखडलं होतं. बावीस वर्षं छापचित्रं हाताळून मला हे सुचायला पाच घास लागले.

मी वॉशरूममधला आरसा काढून आणला.

"हे काय करून राहिले?" मेश्राम साहेब.

"गाव सरळ करतोय."

"आरशावर नाव नाही लिहिता येत. पुरावा लागते."

पुरावा कपाटात होता. धरणाआधीचा सर्व्हेचा नकाशा, महुआखेडा नावासकट. टेकडी, नाला, नदीचं वळण, मढिया, सगळं आरशातल्या चित्राशी जुळलं. साहेबांनी दोनदा बोट फिरवून पाहिलं.

"अच्छा. चलो, लिहा नाव."

पंचमलालजींना हाक मारली. चित्र त्यांच्या खांद्याशी धरलं, आरसा समोर. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अब मढ़िया ठीक जगह है," ते म्हणाले. आरशात गावाशेजारी त्यांचाही चेहरा आला होता. ते रडायला लागले. आरसा धरलेले मेश्राम साहेब हात अवघडले तरी हलले नाहीत. माझेही डोळे भरून आले होते.

लेबलवर लिहिलं: महुआखेडा, आता बरगीच्या पाण्याखाली. ओळख पटवली पंचमलालजींनी.

तेव्हापासून जुन्या चित्रात मी डोंगर नंतर पाहतो. आधी माणसं कोणत्या हातानं जेवतात ते पाहतो. आणि चित्रातल्या गावचा कुणी भेटला, तर तोंड बंद ठेवतो.