बोटभर वर

“पोरगी बोलत न्हाय व्हय, गुरुजी?” येरमाळ्याच्या स्टँडसमोर चपला शिवणाऱ्या मामांनी माझ्या वडिलांना विचारलं. “लाजते. इंग्रजी शाळेत आहे,” वडील म्हणाले. “मग विंग्रजीत बोल की, बाय!” मामा हसले आणि मी खाली पायांकडं पाहत राहिले. माझ्या जुन्या, टोकं पुढं वळलेल्या रिकर्व्ह धनुष्याच्या दोरीला मध्यावर गुंडाळलेला दोरा उसवला होता आणि दुसऱ्या दिवशी धाराशिवला तिरंदाजीची निवड चाचणी होती. वडील दोरी चढवलेलं धनुष्य मांडीवर घट्ट धरून बसले. मामांनी चपलेचा दोरा उन्हानं मऊ झालेल्या मेणाच्या गोळ्यातून ओढला, तसा चामड्याच्या आणि एसटीच्या धुराच्या वासात मेणाचा गोडसर वास मिसळला. त्यांनी वेढे इतके एकसारखे घातले, की दोरी नवी वाटायला लागली. मग बाण अडकवायची गाठ कुठं मारायची, असं त्यांनी मला विचारलं. “अगदी मधोमध,” वडीलच बोलले. मामांनी सुतळीनं मोजून मध्यावर दोरा धरला. माझी गाठ नेहमी त्याच्या बोटभर वर असायची; इथं मारली तर उद्याचा एकेक बाण भरकटणार होता. पण चारचौघांत वडिलांना चूक म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. ते धनुष्य आता माळ्यावर असतं. खाली काढलं की दोरीला अजून मेणाचा वास येतो आणि त्या दिवशीचा माझाच घोगरा आवाज आठवतो: “मामा, तिथं नको. बोटभर वर बांधा.”